यादीतली एकशे एक्कावन्नावी

आधीच सांगते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी शिकवायला येऊ नका. मी असलं काही मानत नाही. आमच्या घरात भिंतीवर दोनच फोटो आहेत आणि दोघांनीही डोकं वापरायला सांगितलंय. बुवाबाजीविरुद्धची पत्रकं मी स्वतः लिहून सीबीएस स्टँडवर वाटली आहेत. या ग्रुपवरच्या निम्म्या गोष्टी वाचून मला हसू येतं. तरी लिहितेय, कारण हे माझ्याच हातून झालं... आणि भर दुपारी झालं.

नाशिक रोडला पिठाच्या गिरणीच्या वर आमच्या संघटनेची एक खोली आहे. काम रेशनचं. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर आयुष्यभर राबलेल्या म्हाताऱ्यांचे अंगठे झिजलेले असतात. दुकानातल्या मशीनवर ठसा उमटला नाही की धान्य बंद. माणूस समोर उभा, आणि मशीन म्हणतं हा तो नव्हेच! अशा तीनशे बारा जणांचे अर्ज आम्ही गोळा केले होते. गुरुवारी सुनावणी. बुधवारी पाचच्या आत यादी पुरवठा कार्यालयात पोचली तरच. वर तिथल्या साहेबांनी दम भरलेला — "एक जरी नाव बोगस निघालं, तर अख्खी यादी परत."

अर्ज वेबसाइटवर चढवायचं मॉड्यूल इरफानभाईनं बनवलं. हा मालेगावचा, वडील यंत्रमागावर, हा कोडवर. अर्ज पन्नास-पन्नासच्या बॅचनं चढतात. शेवटचा चढला की यादी तयार होते आणि मॉड्यूल स्वतःच ती कार्यालयाला मेल करतं. मध्ये कुणाचा हात नाही. हा हट्ट माझा. तयार यादीतून गरिबांची नावं गाळलेली मी डोळ्यांनी बघितली आहेत.

मंगळवारी दुपारी चाचणी घेतली, तर बॅच दीडशेवर अडकली. पुन्हा चालवली, पुन्हा दीडशे.

"कॉम्रेड, घाण माझ्या कोडमध्ये आहे की तुझ्या अर्जात, ते बघू," इरफानभाई म्हणाला. "एक खोटा अर्ज बनव. एकशे एक्कावन्नवर टाक."

मी डोक्यात येईल ते टाइप केलं. येसी देवजी भोये. वय सदुसष्ट. पाडा यादीतून निवडला, बोट पडलं तो. तक्रारीच्या रकान्यात रागानं लिहिलं — ऊस तोडताना कोयत्यानं उजवा अंगठा गेला, मशीनवर काय ठेवू?

"वा! नाटक लिही तू," तो हसला.

खोटा अर्ज सुरळीत चढला. म्हणजे घाण त्याच्या मागच्या खऱ्या अर्जात. कुणीतरी मोबाइलचा भलामोठा फोटो जोडला होता. तो लहान केला, येसीला डिलीट केलं, प्रश्न मिटला.

बुधवारी तीन वाजता खरी बॅच लावली. दीडशेवर थांबली. स्क्रीनवर एकूण अर्ज — तीनशे तेरा. आणि अडकलेलं नाव येसी देवजी भोये.

"डिलीट केलं होतंस ना?"

"तुझ्यासमोर केलं की!"

त्यानं पुन्हा काढलं. परत आली. त्यानं अख्खी रांग रिकामी केली, मूळ एक्सेल नव्यानं भरली. त्या एक्सेलमध्ये तीनशे बाराच ओळी, मी बोट ठेवून मोजल्या. बॅच लावली... तीनशे तेरा. चार वाजता त्यानं कोडमध्येच लिहिलं, हे नाव आलं तर ओलांडून पुढे जा. बॅच तिथंच मेली. खाली गिरणी सुरू झाली, टेबल थरथरायला लागलं. इरफानभाईच्या कपाळावर घाम.

"यार, ये आती कहाँ से है? डेटाबेसमध्ये नाही, फाइलमध्ये नाही..."

"यादी हातानं बनवू?"

"वीस मिनिटांत तीनशे बारा अर्ज, कागदांसकट?" तो म्हणाला. "एकच उरलंय. तिला अडवायचं नाही. जाऊ द्यायचं."

एक खोटं नाव गेलं तर सगळे बाद. यादीच नाही गेली तरी सगळे बाद. चार चाळीसला मी बटण दाबलं. एकदाही न अडखळता बॅच शेवटपर्यंत गेली. चार बावन्नला मेल गेला. तीनशे तेरा.

रात्रभर मी एकच वाक्य घोकलं — साहेब, चूक माझी आहे, त्यांची नाही.

गुरुवारी हॉल गच्च भरला होता. पाड्यांवरनं जीप भरभरून लोक आलेले. साहेब एकेक नाव पुकारत होते. एकशे एक्कावन्न आलं.

"येसी देवजी भोये."

कुणी उठलं नाही. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "काय ताई? बाई आहेत, की नुसत्या कागदावर?"

मी उभी राहिले. तोंड उघडलं. आणि मागून आवाज आला —

"हाय ना! आले, आले. पाय धरलेत जरा."

नायलॉनची पिशवी सांभाळत एक म्हातारी पुढे आली. मशीनवरचा पोरगा मान वर न करताच म्हणाला, "आजी, उजवा अंगठा ठेवा."

"कुठनं आणू रं?" तिनं हात वर केला. चारच बोटं.

हॉल हसला. मी खाली बसले. इरफानभाई शेजारी काहीतरी पुटपुटत होता.

बाहेर तिला गाठलं. "आजी, इथं यायचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

ती हसली. "कुणी काय? तूच ना! मंगळवारी पाड्यावर आली हुतीस. वहीत लिवून घेतलंस. चाय ठेवला तर म्हणलीस, नाय, लय घाई हाय."

मंगळवारी मी दिवसभर नाशिक रोडला होते. इरफानभाई साक्षीला आहे. आमचं दुसरं कुणीही त्या पाड्यावर गेलेलं नव्हतं, एकेकाला विचारलंय.

तिचं नाव आधी कुठेतरी ऐकलं असेल, असं मी स्वतःला समजावते. अंगठ्याचंही एक वेळ तसंच समजा. पण डिलीट केलेला अर्ज? मंगळवारची ती बाई? इरफानभाईनं लॉग तीनदा वाचला, हाती काही लागलं नाही. कुणाकडे खरं उत्तर असेल तर द्या. अंगारे सुचवणाऱ्यांना ब्लॉक करीन.

तिचं चौदा महिने बंद असलेलं धान्य सुरू झालं. ते कुणी बंद ठेवलं, हे मात्र मला नीट माहीत आहे, त्याला भूत लागत नाही. जीपवाल्याबरोबर आजीनं निरोप धाडलाय — त्या दिवशी चहा राहिला, ये.

त्यानंतर मी तीनदा पेठला जाऊन आले. त्या पाड्याचा फाटा येतो... आणि मी गाडी थांबवायला सांगत नाही.