भिंतींची चव

पेणपासून रोह्यापर्यंत विद्यापीठाच्या जेवढ्या इमारती आहेत, त्या सगळ्यांची चव ठाऊक असलेला माणूस जगात एकच, माझे मामा. त्यांचा जन्म मिठागरातला. विद्यापीठात ते दुरुस्तीच्या कामाला होते. दोन्ही गावांतले नळ, पंखे, गळक्या गच्च्या त्यांच्याकडे. पण नव्या इमारतीत शिरले की आधी खांबाला जीभ लावायचे. खाडीची रेती न धुता वापरली असेल तर त्यांना लगेच कळे, आणि खाऱ्या रेतीत लोखंड किती टिकतं हे मिठागरवाल्याला शिकवावं लागत नाही. पेणचं जुनं वाचनालय अळणी, म्हणून लाडकं. त्याच्या खांबाला ते जाता-येता बैलासारखं थोपटायचे. एकदा मोठे साहेब पाहणीला आले, तेव्हा मामा नव्या सभागृहाच्या खांबाला चिकटलेले. जेवला नाहीत का, असं साहेबांनी विचारलं. मामा शांतपणे म्हणाले, "तुमी पण चाखून बघा, साहेब." सगळे हसले. मीही पदराआड हसले. मामांनीच मला रोह्याला झाडलोटीला लावलं होतं.

रोह्याच्या मुलींच्या अभ्यासिकेची भिंत चाखली त्या दिवशी मात्र त्यांनी चूळ भरली. माझ्या चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात अर्जांवर अर्ज दिले. उत्तर नाही. मग ते रोज दुपारी तिथल्या कोपऱ्यात, फुगलेल्या स्लॅबखाली, भाकरीचं फडकं सोडून बसू लागले. मुद्दाम सुकट आणायचे. मुली नाक धरून दुसऱ्या टोकाला जायच्या, की मामा खूश.

भाद्रपदात स्लॅबचा तुकडा पडला तो त्यांच्याच खांद्यावर. उजवा हात कायमचा लुळा झाला. चौकशीत लिहिलं गेलं की त्यांनीच पहारीने स्लॅब उकरला. मी झाडू घेऊन दारातच होते, सगळं पाहिलं होतं. साहेबांनी मला विचारलं. मी मान खाली घालून झाडत राहिले. मामांचं काम गेलं. माझं राहिलं. ते रागावले नाहीत. "बोलली असतीस तर तुझंबी काम गेलं असतं गो," एवढंच म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी मी पेणला त्यांचं जेवण घेऊन जाते. ताट पुढे ठेवलं की विचारतात, "त्या कोपऱ्यात पोरी बसत नाय ना?"

तिथे वरून गिलावा झालाय, निळा रंग लागलाय. पंख्याखालची जागा म्हणून मुली आधी तिथेच बसतात.

"नाय, मामा," मी म्हणते.

मग ते डाव्या हाताने जेवायला लागतात.