कडुलिंबाखालची ताकवाली

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या सुमारास मी म्हसवडला मास्तर होतो. स्टँडसमोरच्या कडुलिंबाखाली एक बाई ताकाचं मडकं घेऊन बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक नसलं, की ती पदराने वारा घेत एकटक आभाळाकडे बघायची.

मे महिन्यातली ती दुपार अंगाची लाही करणारी होती. शेजारच्या हॉटेलातल्या रेडिओवर वादळी पावसाचा अंदाज सांगितला, तेव्हा स्टँडबाहेर एसटीची वाट बघत उभे असलेले आम्ही हसलो. तासाभरात आभाळ काळंकुट्ट झालं. टपोरे थेंब पडू लागले, तसे आम्ही सहा-सातजण झाडाखाली धावलो. ती मात्र मडकं तिथंच टाकून उठली आणि ओरडू लागली, "भाईर व्हा! आवं मास्तर, भिजा, पर भाईर व्हा!" कुणी हलेना, तेव्हा तिने आम्हाला अक्षरशः ढकलत स्टँडच्या इमारतीत नेलं.

आत पोचतो न पोचतो तोच वीज कडाडली. कडुलिंब बुंध्यापर्यंत उभा चिरला.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

ती झाडाकडेच बघत होती. "गेल्या साली मालक रानात भिजत हुतं. म्याच हाक मारून म्हनलं, झाडाखाली थांबा."