गारबटची चूक

विल्फ गारबटला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही, हे इंग्लंडातल्या हॉर्नकॅसल गावात सगळ्यांना ठाऊक होतं. एकट्या विल्फला सोडून. त्याच्या मते तो फक्त काटेकोर होता. उभी हयात छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलेली, त्यामुळे चुकलेलं अक्षर त्याला दाताखाली खडा यावा तसं लागायचं. निवृत्त झाल्यावर ही नजर त्यानं सातशे वर्षांपूर्वीच्या, एडवर्ड राजाच्या काळातल्या चांदीच्या पेनी नाण्यांकडे वळवली.

दोन ठशांमध्ये चांदीची चकती धरायची आणि वरून हातोडा हाणायचा, अशी ती नाणी घडत. मारताना हातोडा घसरून चकती सरकली की अक्षरं दुहेरी उमटत. असली नाणी ढिगानं सापडतात, त्यांना कुत्रंही विचारत नाही. पण ठसा कोरणाऱ्यानंच डुलकी घेऊन भलतं अक्षर ठोकलं असेल, तर तो खरा मुद्राराक्षस! पबच्या माडीवर दरमहा नाणेमंडळ जमे. अशी चूक जो सिद्ध करील, त्याचं नाव त्या चुकीला द्यायचं आणि माडीवरच्या फळ्यावर खडूनं लिहायचं, अशी तिथली रीत. फळ्यावर बाकीच्यांची नावं होती, विल्फचं नव्हतं. आपल्या नावाची एक चूक असावी, एवढं एकच मागणं त्या माणसाचं उरलं होतं.

आणि ती सापडली कोणाला, तर डॉरिन ड्रिंगला! जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे उकडलेली बाई. भाच्याचं टाकाऊ धातूशोधक यंत्र घेऊन बीटाच्या शेतात काय गेली, आणि पेनी घेऊन काय आली! पेनीवर ‘LONDON’च्या जागी ‘LONDDON’. डी दोनदा.

“काय विल्फ, घसरलाय की कोरलंय?” मंडळाचा अध्यक्ष टेरी म्हणाला. “बोल लवकर, बिअर गरम होतेय.”

विल्फनं भिंग लावलं. चकती सरकली असती तर शेजारच्या ओ-एनचीही सावली पडली असती. ती नव्हती. दुसऱ्या डीची टाच तुटकी, पण अक्षर स्वच्छ. कोरलेलं होतं, शंकाच नको. त्यानं भिंग मिटलं. मी डोळे फोडून घ्यायचे, आणि हिनं चिखलात फिरता फिरता नाव कमवायचं?

“हातोडा घसरलाय,” तो म्हणाला.

“नक्की ना रे?” डॉरिनचा चेहरा उतरला.

“मला शिकवतेस?”

“नाही बाबा, तुला कोण शिकवणार! तू म्हणतोस म्हणजे तसंच.” आणि तिनं आपल्या हातच्या पोर्क पायचा, म्हणजे मांस भरलेल्या पेस्ट्रीचा, मोठा तुकडा त्याच्यापुढे सरकवला. पेस्ट्री उत्तम झाली होती. त्याचाही विल्फला राग आला.

घरी जाऊन त्यानं आपल्या सगळ्या लंडनच्या टाकसाळीतल्या पेन्या बाहेर काढल्या. पश्चात्ताप वगैरे काही नाही; आपल्याकडे तसलं का नाही, ही जळजळ. एका मळकट नाण्याला साबणाचं पाणी लावलं आणि त्याचे हातच थांबले. दोन डी. दुसऱ्याची तीच तुटकी टाच. दोन निरनिराळ्या नाण्यांवर हातोडा एकाच जागी, एकाच मापानं घसरत नाही. म्हणजे दोन्ही शेजारी ठेवली की ठसाच चुकलेला, हे सिद्ध! नाव माझं, साक्ष तिची, असा हिशोब करून तो महिनाभर शीळ घालत हिंडला.

पुढच्या बैठकीला डॉरिन आली ती गळ्यात साखळी घालून. साखळीत ती पेनी.

“बघ रे विल्फ! सोनाराकडून भोक पाडून घेतलं. नातीच्या लग्नात घालणार आहे.”

भोक राजाच्या मुकुटाच्या वर, अगदी मधोमध होतं. विल्फनं पेनी उलटी केली. या नाण्यांच्या दोन बाजू कधी एका सरळ रेषेत नसतात; मुकुटाच्या पाठीमागे काय येईल याचा नेम नाही. इथे नेमके ते दोन डी आले होते. आता तिथून पलीकडचा उजेड दिसत होता.

“अगं, भोक कशाला पाडलंस?” तो ओरडलाच.

“आता गं बाई! घसरलेलं आहे म्हणून तूच नाही का सांगितलंस?”

विल्फनं खिशातलं नाणं टेबलावर आपटलं. टेरीनं भिंगातून पाहिलं आणि नाक मुरडलं. “एकाच नाण्यावरून काय ठरवायचं? घसरलाय की रे हातोडा.”

“घसरला नाही! कोरलेलं आहे! तिच्या नाण्यावर हेच होतं, इथेच, हीच तुटकी टाच...”

आणि त्यानं जीभ चावली.

टेरीनं ग्लास खाली ठेवला.

“म्हणजे त्या दिवशी तुला दिसलं होतं,” डॉरिन म्हणाली.

तिनं पेनी स्वेटरच्या आत टाकली आणि टेरीकडे वळली.

“टेरी, फळ्यावर लिही याचं नाव. गारबटची चूक.”

कोणी हसलं नाही. टेरीनं खडू घेतला आणि सावकाश, ठळक अक्षरांत लिहिलं. विल्फनं सवयीनं एकेक अक्षर तपासलं. एकही चुकलं नव्हतं.