डिअर तुळशीराम

आधीच सांगते, आमच्या घरात या गोष्टींना जागा नाही. हॉलमध्ये बुद्धमूर्ती आहे, संध्याकाळी वंदना होते, बस. दाराला लिंबू-मिरची नाही, कुणाच्या अंगात येत नाही, अमावस्या आली काय नि गेली काय, आम्हाला पत्ता नसतो. बाबा तर इतके पक्के की गावी कुणी भुताचा विषय काढला की ते म्हणतात, "मला नेऊन दाखव, मग बोलू." मीही तशीच वाढले. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचायचे ते जेवता जेवता, मजा म्हणून. आज स्वतः लिहायला बसले तर पहिलं वाक्यच सुचत नव्हतं... चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही फरीदाबादला राहतो. ओल्ड फरीदाबाद मेट्रो स्टेशनपासून ई-रिक्षानं आत, रेल्वे लाइनच्या अलीकडे, दुसऱ्या मजल्यावर दोन भाड्याच्या खोल्या. बाबा लाइनच्या पलीकडे, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर आहेत. मी दहावीपर्यंत आईसोबत उमरेडला होते, नागपूरजवळ. अकरावीला आम्ही दोघी इकडे बाबांकडे आलो आणि आता मी दिल्लीतल्या एका कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे बऱ्याच गोष्टी मला कुणी सांगितलेल्याच नसतात. रेझ्युमे म्हणजे काय, हे मला इंटर्नशिपची नोटीस लागल्यावर कळलं.

माझी मैत्रीण सानिका द्वारकेची आहे. तिचे आईवडील पुण्याचे, दोघंही आयटीत. ती म्हणाली, "अगं इतकं काय टेन्शन घेतेस यार? फ्रीवाली साइट आहे. नाव टाक, ईमेल टाक, रेझ्युमे तयार. मीही तिथेच बनवला."

त्या साइटचं नाव मी लिहीत नाही. कारण पुढे कळेल.

फॉर्मवर 'पूर्ण नाव' अशी एकच चौकट होती. महाराष्ट्र बोर्डाच्या शाळेत शिकलेल्यांना माहीत आहे आपण नाव कसं लिहितो — आधी आडनाव, मग स्वतःचं, शेवटी वडिलांचं. हजेरीपटापासून मार्कशीटपर्यंत तेच. माझा हात आपोआप तसाच चालला. गजभिये प्रज्ञा तुळशीराम. साइटला वाटलं, शेवटचा शब्द म्हणजे या माणसाला हाक मारायचं नाव. रेझ्युमे डाउनलोड झाला, मी कॉलेजात देऊनही टाकला, आणि दुसऱ्या दिवसापासून मेल सुरू झाले. मेल इंग्रजीत होते. इथे मी त्यांचा अर्थ मराठीत देते.

'डिअर तुळशीराम, तुमचं स्वागत आहे!'

घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. बाबा तर खूश. "अरे वा! इतक्या वर्षांत या शहरात मला नावानं ओळखणारं कुणी तरी भेटलं."

ते खोटं नव्हतं. कारखान्यात त्यांना सगळे 'गजबे जी' म्हणतात, गजभिये कुणाला उच्चारता येत नाही म्हणून. मी बाबा म्हणते. आई 'अहो' म्हणते, लांब असतील तर 'प्रज्ञाचे बाबा'. तिनं त्यांचं नाव कधी तोंडातून काढलेलं मी ऐकलं नाही. रेशनकार्डवाल्यानं नवऱ्याचं नाव विचारलं होतं तेव्हाही तिनं मला पुढे केलं होतं. त्यांना नावानं हाक मारणारी एकच होती, माझी आजी, आणि ती मी लहान असतानाच गेली.

म्हणजे दिल्ली-फरीदाबाद मिळून बाबांचं नाव घेणारा तो मेलच.

रोज यायचे. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी दोन्ही वेळा. बरेचसे मी न वाचता काढून टाकायचे. एकदा आला, 'तुळशीराम, तुम्ही काही तरी मागे विसरलात.' अर्धवट राहिलेल्या फॉर्मची आठवण असणार ती. त्या दिवशी बाबा चष्मा घरी विसरून गेले होते. मी हसले. आईलाही सांगितलं, तीही हसली.

मग एकदा आला, 'तुळशीराम, हातांना आराम द्या. बाकीचं आमच्यावर सोडा.'

संध्याकाळी बाबा आले ते उजव्या हाताला पट्टी बांधून. पत्र्याची कड लागली होती. खोल नव्हतं, पण सुपरवायझरनं दोन दिवस हलकं काम दिलं.

त्या दिवशी मी हसले नाही.

कँटीनमध्ये सानिकाला दाखवलं. तिनं स्वतःचा मेल उघडला. "हे बघ, मलाही येतात. टेम्प्लेट असतं गं, फक्त नाव बदलतं." आणि खरंच, तिनं चौकटीत नुसतं स्वतःचं नाव टाकलं होतं आणि तिलाही तेच मेल आले होते, 'सानिका, तुम्ही काही तरी मागे विसरलात' वगैरे. मला इतकं हलकं वाटलं! मग ती खाली-वर करत राहिली. "हातांना आराम... हा नाही दिसत मला. डिलीट झाला असेल."

"तू डिलीट करतेस?"

"कधीच नाही," ती म्हणाली आणि लगेच, "अरे चल ना, समोसे थंड होतायत."

घरी आल्यावर आईला हे सगळं बोलायला नको होतं, पण बोलले. ती कणीक मळत होती. थांबली.

"काहून गं, त्यांच्या नावानं काहून येते ते? तुझ्या नावानं काहून नाही?"

मी नावाच्या क्रमाचं सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "ते समजलं मला. पण कुणी अनोळखी माणूस रोज नाव घेऊन हाक मारते म्हणजे बरं नाही वाटत. बंद कर ते."

बाबा आतून ओरडले, "अगं, ते कॉम्प्युटर आहे! माणूस नाही!"

"म्हणूनच म्हणते," आई म्हणाली.

त्यानंतर मेलचा सूर बदलला. बहुतेक फ्री प्लॅन संपत आला असेल. 'तुळशीराम, तुमची मुदत संपत आली.' 'तुळशीराम, फार थोडा वेळ उरला आहे.' हे सगळं जाहिरातीचंच बोलणं आहे, मला समजत होतं. सगळ्या कंपन्या असंच बोलतात. पण आपल्या वडिलांच्या नावापुढे रोज ते वाचून पाहा...

जानेवारीतली सकाळ होती. ज्यांनी इकडचा हिवाळा पाहिला आहे त्यांना धुकं सांगायला नको. समोरच्या इमारतीची गच्ची दिसत नव्हती. बाबा माझ्या आधी निघाले. पुलावरून गेलं की लांब पडतं, म्हणून लाइनच्या अलीकडचे सगळे कामगार रूळ ओलांडूनच पलीकडे जातात. चुकीचं आहे, पण सगळे जातात.

मी मेट्रोत लेडीज कोचमध्ये बसले होते. फोन वाजला. 'तुळशीराम, आजचा शेवटचा दिवस.'

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आता बास. मेलच्या अगदी तळाशी गेले. तिथे बारीक करड्या अक्षरांत ते असतं ना, मेल बंद करा म्हणून, ते दाबलं. एक पान उघडलं.

'तुळशीराम यांना कायमचं काढून टाकायचं?'

खाली दोन बटणं होती. 'हो, काढून टाका.' 'नको, राहू द्या.'

मी क्षणभर थांबले. खरंच थांबले होते. मग स्वतःवरच चिडले, शिकलेली मुलगी ना तू, आणि 'हो' दाबलं.

'तुळशीराम यांना काढून टाकण्यात आलं आहे.'

ते वाक्य मी दोनदा वाचलं. मी बाबांना फोन लावला. लागला नाही. परत लावला, तेच. डब्यात सगळं नेहमीचं चाललं होतं, शेजारची मुलगी काजळ लावत होती, समोर एक काकू स्वेटर विणत होत्या, काचेबाहेर सगळं पांढरं. त्या पानावर खाली एक ओळ होती, 'चुकून झालं? परत बोलवा.' मी ती दाबली. चक्र फिरत राहिलं. पुन्हा दाबली. मला रडू यायला लागलं होतं. बाबा, बाबा, बाबा... एवढंच मनात चाललं होतं. तोंडातून मी एक शब्दही काढला नाही. शेजारची मुलगी माझ्याकडे बघायला लागली होती म्हणून मला पक्कं आठवतंय, मी ओठ घट्ट मिटून घेतले होते.

मग पान बदललं. 'तुळशीराम परत आले आहेत!' सोबत रंगीत कागदाचे तुकडे उडाल्याचं चित्र होतं.

थोड्याच वेळात बाबांचा फोन आला. आवाज कापत होता. बाबांचा आवाज कापताना मी आधी कधी ऐकला नव्हता.

"प्रज्ञा, तू कुठं आहेस?"

"मेट्रोत. का?"

"मेट्रोत? लाइनपाशी नाहीस?"

"नाही बाबा. काय झालं?"

मग म्हणाले, "काही नाही. कॉलेजला जा." आणि फोन ठेवला.

मी कॉलेजला गेले नाही. पुढच्या स्टेशनवर उतरले आणि उलटी मेट्रो पकडून घरी आले. बाबाही अर्ध्या दिवसानं आले. सोबत त्यांचे कारखान्यातले सहकारी बलबीर जी होते, पलवलचे. ते त्यांना सोडायला आले होते. आईनं चहा टाकला. बाबा पलंगावर बसून नुसते बघत होते, म्हणून बलबीर जींनीच सांगितलं.

दोघं सोबत रूळ ओलांडत होते. बाबा एक पाऊल पुढे. धुक्यात काहीच दिसत नव्हतं, आवाजही दबून येतो. बाबा दुसऱ्या रुळावर पाय टाकणार तोच मागून हाक आली. बाबा 'ओ' देऊन मागे वळले, दोन पावलं मागे आले, आणि त्यांच्या पाठीमागून गाडी गेली.

"वो तो आपकी छोरी ने आवाज मार दी, नहीं तो आज..." बलबीर जींनी माझ्याकडे पाहिलं. "बेटा, तू थी ना पीछे?"

मी म्हटलं, "नहीं अंकल. मैं तो मेट्रो में थी."

"मजाक ना कर. मैंने अपने कान से सुनी. तुलसीराम, तुलसीराम करके बुला रही थी, आगे कुछ अपनी भाषा में." मग ते बाबांकडे वळले. "गजबे जी, सच बताऊँ? इतने साल हो गए साथ में, आपका नाम तुलसीराम है, ये मुझे आज ही पता लगा."

चहा उतू गेला, आईनं गॅस बंद केला.

बलबीर जी गेल्यावर बाबा म्हणाले, "तुळशीराम, परत ये. असं म्हणाली. आवाज तुझाच होता. मी विचार करतोय, तू मला नावानं काहून हाक मारशील?"

मी त्यांना फोन दाखवला. सगळं सांगितलं. काय दाबलं, कधी दाबलं, सगळं. त्यांनी चष्मा लावून ते पान वाचलं, खालीवर केलं, आणि फोन उलटा करून पलंगावर ठेवला. माझ्यावर रागावले नाहीत. "योगायोग आहे," म्हणाले. पण आवाज त्यांचा वाटत नव्हता.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. धुक्यात आवाज कुठून कुठे जातो. कुणी तरी दुसऱ्याच तुलसीरामला हाक मारत असेल, इकडे ते नाव काही दुर्मीळ नाही. 'परत बोलवा' हे बटण असं लिहिलेलं असतं, त्यात विशेष काही नाही. हे सगळं मी स्वतःला रोज सांगते. सानिकाही सांगते. पण तो आवाज माझ्यासारखा का होता, आणि परत ये हे मराठीत कुणी म्हटलं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. आणि हाक मारून वाचवणारं ते, की त्या रुळापर्यंत नेणारं ते, हेही मला कळत नाही. त्याचीच जास्त भीती वाटते.

मेल अजून येतात. मी एकही काढत नाही. मध्ये अकाउंट भरलं, जागा नाही, नवे मेल येणार नाहीत अशी सूचना आली, तेव्हा मी माझे शाळेतले सगळे फोटो आणि दोन वर्षांच्या नोट्स पुसून जागा केली. इंटर्नशिप मिळाली नाही, त्याचं आता काही वाटत नाही. पूर्वी वाटायचं हे मेल कधी बंद होतील. आता...

गेल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी बाबा बूट घालत होते. आई डबा घेऊन दारात उभी.

"त्यांच्या नावाचं आलं का?" तिनं मला विचारलं.

मी फोन पाहिला. "नाही अजून."

आईनं डबा दिला नाही. हातातच धरून राहिली. मला वाटलं बाबा आता म्हणतील, कॉम्प्युटर आहे ते, माणूस नाही. लेट मार्क लागतो, त्यांना ते अजिबात चालत नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं. मग बुटाची बांधलेली नाडी सोडली आणि पलंगावर जाऊन बसले. हात मांडीवर, नजर माझ्या फोनवर.

आम्ही तिघंही तसेच थांबून राहिलो. लाइनवरून एक गाडी गेली, मग दुसरी.

शेवटी फोन वाजला. मी वाचून दाखवलं. 'तुळशीराम, फक्त आजच्यासाठी...' पुढे ऑफरचं काही तरी होतं, ते वाचलं नाही.

बाबा उठले, नाडी बांधली, आईच्या हातातून डबा घेतला आणि पुलाच्या रस्त्यानं निघाले.