आत्याची शेणगाडी

अन्याय माझ्या आत्यावर झाला. दोन हजार सात साली, होळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी नळाला पाणी यायच्या वेळेला. जागा, कुळगावच्या पुढे बारवीच्या रस्त्याला लागून उभी राहिलेली एक नवी सोसायटी, तिचं मागचं गेट. आत्याच्या हातात शेणखताने भरलेली गाडी होती आणि गेटला नवं कुलूप होतं. हे आधीच लिहून टाकते, कारण नंतर लोक म्हणायला लागले की तसं काही झालंच नाही, तुमच्या आत्याचाच गैरसमज झाला. गैरसमज वगैरे काही नाही. मी तिथे होते, गाडीला मागून हात लावून उभी होते.

कुलूप म्हणजे काय मोठं, असं तुम्हाला वाटेल. म्हणून आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला लागेल.

आमच्या घरात कुणी डोक्यावर शेण घेत नाही. माझी आजी घ्यायची. गावातल्या मोठ्या घरचा गोठा काढायचा, पाटी भरायची, डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवून ती पाटी त्यांच्या शेतावर नेऊन ओतायची, हे तिचं काम. काम म्हणजे गावाने लावून दिलेलं. नको म्हणायची सोय नव्हती. पावसाळ्यात पाटीतून पाणी गळायचं आणि मानेवरून चोळीत उतरायचं. छप्पन साली आजोबांनी धम्म घेतला आणि गावकीची सगळी कामं सोडली. त्या दिवशी आजीने चुंबळ चुलीत घातली. आत्या तेव्हा लहान होती. तिला आठवतं ते एवढंच, की चुंबळ लवकर पेटेना, नुसता धूर धरला, आणि आजी लाकडाने तिला आत आत ढकलत राहिली. मग म्हणाली, "आता ह्या घरात कुणाच्या डोक्यावर पाटी चढायची नाय."

शेणाशी आमचं वैर नव्हतं, हे नीट लक्षात घ्या. आजोबांकडे जमिनीचा एक तुकडा राहिला होता, भाताचा. भात म्हटलं की शेण आलंच. उन्हाळ्यात राब भाजायचा असतो, म्हणजे ज्या जागेत रोप टाकायचं तिथे शेण, पालापाचोळा, काटक्या पसरायच्या, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. उरलेलं कुजलेलं खत बाकीच्या शेतात फेकायचं. हे सगळं आमच्या घरी होत होतं, फक्त डोक्यावरून नाही. दोघांनी दोन बाजूंनी घमेलं धरायचं, नाहीतर गोणपाटावर ढीग करून ओढत न्यायचं. बाकीचे हसायचे. शेणातही ह्यांचा नखरा, म्हणायचे.

आत्याचा नवरा लवकर गेला. ती माहेरी परत आली आणि ती जमीन तिनेच कसली. माझे वडील तिचे धाकटे भाऊ, अंबरनाथच्या एका कारखान्यात वेल्डर. आम्ही मोरिवलीत राहायचो. शेजारच्या घरी बैलगाडी होती तोवर आत्याचं खत त्या गाडीतून जायचं. मग आजूबाजूच्या जमिनी विकल्या जायला लागल्या, तसे बैलही गेले. आत्याच्या दोन म्हशी राहिल्या. अंगणातला उकिरडा वाढत गेला आणि तो शेतावर न्यायला काही उरलं नाही.

तेव्हा वडिलांनी गाडी बनवायचं ठरवलं. उल्हासनगरला भंगाराच्या दुकानात चाकं बघायला गेले तेव्हा मला सोबत नेलं. मी तिथेच कॉलेजला होते. दुकानदार सिंधी, म्हातारा, खाटेवर बसून चहा पीत होता.

"साईं, स्कूटर का चाक ले रहे हो, स्कूटर किधर है?"

"गाडी बनाने का है," वडील म्हणाले. "गोबर डालने का."

"गोबर की गाडी? बढिया. पेट्रोल का खर्चा बचेगा."

"बहन चलाएगी."

"फिर ब्रेक मजबूत लगाना," म्हातारा म्हणाला, आणि चाकं स्वतः उठून निवडून दिली. हवा भरून, फिरवून, कानाजवळ नेऊन बघितली.

वडिलांनी सुट्टीच्या दिवशी गाडी जोडली. पत्र्याची पेटी, खाली सरकणारा तळ. सायकलच्या ब्रेकची तार खेचली की तळाला फट पडायची आणि चालता चालता खत खाली सांडत जायचं. मागे लोखंडी दात लावले होते, दंताळ्यासारखे, सांडलेलं खत पसरत नेणारे. वडिलांनी मापं घेतली होती ती कारखान्यातल्या ट्रॉलीची. टेम्पोत घालून गाडी गावाला नेली. आत्याने तिच्याभोवती एक फेरी मारली, तार खेचून बघितली, चाकावर पाय ठेवून बघितला.

"भाऊ, गाडी झकास हाय," ती म्हणाली. "आता हिच्या मापाचा बांध पण तूच वेल्डिंग करून दे."

भातशेताचा बांध दीड पावलाचा, गाडी दोन माणसं झोपतील एवढी. बांधावर दोन चाकं मावेनात. शेतावर जायची वाट मोकळी होती, पण शेतातल्या शेतात फिरायचं तर बांधच. वडिलांनी गाडी परत टेम्पोत घातली. पुढच्या सुट्टीला आणली ती कापून, अरुंद करून, चाकं पेटीच्या खाली घेऊन. आता बांधावर चालायची, पण डुगडुगायची. दगडातून, खड्ड्यातून न्यायची म्हटलं की आडवी. तिला सपाट वाट लागायची. सपाट वाट होती एकच.

आत्या गाडीमागून चालायची ना, ते मला नीट आठवतं. ताठ. पदर खोचलेला, हात दांड्यावर, नजर समोर. मागे खताची काळी पट्टी पडत जायची आणि दात तिला विंचरत जायचे. गावातल्या बायका बांधावर थांबून बघायच्या. एकीने विचारलं, "काय गं, भावाने मोटार दिली म्हणे?" आत्या म्हणाली, "बसतेस का, स्टेशनला सोडते."

मग सोसायटी आली. गाव आणि शेत ह्यांच्या बरोबर मधे. वाट कंपाउंडच्या आत गेली. बिल्डर म्हणाला, "मावशी, वाट तुमचीच. मागे गेट ठेवलंय की." खरंच ठेवलं होतं. बिल्डिंग रिकामी होती तोवर आत्या पुढच्या गेटने आत जायची, मागच्या गेटने शेतात. मग माणसं राहायला आली. आमच्यासारखीच, एका खोलीतून सुटून आलेली, हप्ते भरणारी. त्यांचा मला राग नव्हता. पहिल्या वर्षी त्यांच्या बागेतल्या गुलाबांना खत हवं होतं, तेव्हा आत्याने गाडी तिथे थांबवली आणि तार खेचली. सगळ्यांनी छान म्हटलं. वास तेव्हाही येत होता.

तर तो सोमवार. राब तयार करायचे दिवस, पेटी काठोकाठ भरलेली. पुढचं गेट उघडं होतं, आम्ही आत गेलो. मागच्या गेटला कुलूप.

वॉचमन खुर्चीतून उठला. "अम्मा, मत जाओ उधर से. कमिटी ने बंद किया है. मेरी नौकरी जाएगी."

"तुझी नोकरी मी कशाला घालवू," आत्या म्हणाली. "चावीवाल्याला बोलाव."

चावीवाले आले. कमिटीवरचे एक गृहस्थ, ऑफिसला निघालेले, इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. त्यांना मी ओळखत होते. ते आमच्यातलेच. त्यांच्या दारावर पंचशीलाचा झेंडा होता आणि त्या घराकडे बघून मला नेहमी बरं वाटायचं.

"मावशी, खालच्या पेव्हर ब्लॉकवर सांडतं," ते म्हणाले. "लहान मुलं खेळतात. तक्रारी येतात, मलाच ऐकून घ्यावं लागतं."

"मी झाडून घेते की मागून. ही पोरगी झाडेल."

"झाडायचा प्रश्न नाही." मग ते जवळ आले आणि आवाज खाली घेतला. "खरं सांगू का? आपणच आता हे शेणबिण सोडायला पाहिजे. लोक बघतात. मग आमच्याकडे पण तसंच बघतात."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. चिडली नव्हती ती.

"सोडलंय दादा," ती म्हणाली. "डोक्यावरून सोडलंय. हातातलं कशाला सोडू?"

त्यांनी घड्याळ बघितलं. गेट उघडलं नाही.

मी तोवर बरीच पत्रकं लिहिली होती. पाण्यावर, रेशनवर, कॉलेजच्या फीवर. त्या रात्री गेटवरही लिहिलं, झेरॉक्स काढल्या, दुसऱ्या दिवशी प्रत्येक दाराखालून सरकवल्या. कुणीही दार उघडलं नाही. एका मजल्यावर आतून आवाज आला, "कोण आहे?" आणि दुसरा आवाज, "काही नाही, जाहिरात आहे." ग्रामपंचायत नव्हती, ती केव्हाच नगरपालिकेत गेली होती. नगरपालिकेतले म्हणाले, सोसायटीची खाजगी जागा. वडील शिफ्ट सोडून कमिटीकडे गेले, तर त्यांना चहा दिला आणि मीटिंगमध्ये विषय घेऊ म्हणाले. मीटिंग कधी, तर पावसाळ्याच्या तोंडावर.

राब पावसाळ्याच्या तोंडापर्यंत थांबत नाही. भाजला नाही तर रोप नाही, रोप नाही तर त्या वर्षी शेत नाही. आणि त्या भागात शेत एक वर्ष पडीक दिसलं की दुसऱ्या वर्षी एजंट दारात. हे आत्याला माहीत होतं, म्हणून तिला थांबायचं नव्हतं.

दुसरी वाट ओढ्यातून होती. लांबून वळसा, गोटेच गोटे. वडिलांची गाडी तिथे दोनदा आडवी झाली आणि एक दात वाकला. घमेलं दोघांत धरून त्या गोट्यांत चालता येईना, एकाचा पाय घसरला की दुसरा खाली. मी म्हणाले, आदिवासी वाडीवरच्या दोघीतिघी बायका बोलावू, त्या डोक्यावर नेतील, त्यांना सवय आहे.

आत्या म्हणाली, "माझं शेण मी दुसरीच्या डोक्यावर देऊ?"

मी म्हणाले, मग मी नेते.

"तुझ्या डोक्यावर पाटी चढवून तर बघ."

तिने जुनं लुगडं फाडलं आणि ओसरीवर बसून चुंबळ वळली. तिला ती वळता येत होती. कधी केली नव्हती, पण आईचे हात बघितले होते. घट्ट पीळ, मधे भोक, शेवट आत खोचलेला. मग ती चुंबळ डोक्यावर ठेवली आणि मला म्हणाली, "पाटी उचलून दे." पाटी डोक्यावर द्यायला दुसरं माणूस लागतं. मी ती उचलून दिली. माझा हात तिच्या कपाळाला लागला, तर ते गरम होतं.

ती ओढ्यात उतरली. मान ताठच होती, ओझ्याखाली ती ताठ ठेवावीच लागते. पण गाडीमागचं ताठ आणि हे ताठ एक नव्हतं, आणि हे सांगायला मला शब्द मिळत नाहीत. पत्रकात तर नाहीच मिळाले. सोसायटीच्या मागच्या गॅलऱ्या ओढ्याकडे तोंड करून आहेत. दोघीचौघी कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी बघितलं. कमिटीवरचे ते गृहस्थही एका रविवारी गॅलरीत आले होते. बघितलं आणि आत गेले. त्यांना लाज वाटली असेल असं मी पुष्कळ दिवस धरून चालले. आता मला त्याची खात्री नाही.

राब पुरा झाला. पेटवला त्या दिवशी वडील आले होते. आग बसल्यावर आत्याने चुंबळ कमरेतून काढून त्यात टाकली.  धूर सोसायटीकडे गेला आणि खिडक्या धडाधड बंद झाल्या.

भात त्या वर्षी आला. मी तो खाल्ला, चवीला नेहमीसारखाच होता. पुढच्या वर्षीही गेट बंदच होतं, आणि आत्याने म्हशी विकल्या. वडिलांनी विचारलं, तर म्हणाली, "एकदा घेतलं डोक्यावर. आता पुन्हा नाय, भाऊ. आईला काय सांगू?" आजी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. शेत पडीक राहिलं. एजंट आला. आता तिथे चुन्याने रंगवलेले दगड आहेत, प्लॉट पाडलेले. आत्या मोरिवलीत आमच्याकडे राहते. खिडकीशी बसते. केस विंचरताना मधेच थांबते आणि टाळूवर हात फिरवत राहते, तिथे काही लागलंय का बघितल्यासारखं. मी विचारत नाही. वडील अजून मधूनमधून गावाला जातात आणि अंगणातल्या गाडीच्या चाकांना ग्रीस लावून येतात.

त्या सोसायटीमागे अजून काही शेतं शिल्लक आहेत, वाडीवरच्या लोकांची. ह्या वर्षी होळीनंतर मी जाऊन आले. मागच्या गेटचं कुलूप गंजलंय. बायका पाट्या डोक्यावर घेऊन ओढ्यातून जात होत्या. मी एकीला म्हणाले, आमची गाडी आहे, घेऊन जा. ती म्हणाली, "न्यायची कुठून?"

हे वाचणारे तुम्ही बदलापूरचे, अंबरनाथचे, उल्हासनगरचे असाल. बऱ्याच जणांच्या बिल्डिंगमागे असं एक गेट आहे आणि त्याच्या पलीकडे कुणाचं तरी शेत आहे. मला तुमची हळहळ नको. आज संध्याकाळी खाली उतरा. चावी कुणाकडे आहे ते विचारा. कुलूप काढा, आणि होळीपासून पाऊस लागेपर्यंत ते गेट उघडं ठेवा. सांडेल. वास येईल. झाडू घ्या आणि झाडा.