माणसाचा वास

नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही भवानीनगरला, कारखान्याजवळच्या वस्तीवर राहत होतो. आमचे हे जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली मलमपट्टी करणारे. पण आजारी म्हैस घेऊन आलेल्या माणसाला असला फरक कळत नाही, त्यामुळे सगळा गाव यांना डॉक्टरच म्हणायचा. यांनीही कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

गाईम्हशींवर भागलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण उसाचा फड तुटत आला की शेवटच्या सऱ्यांमधून जे काही लंगडत, फडफडत बाहेर पडायचं, ते ऊसतोडीवाले उचलून आमच्या दारात आणायचे. त्यातलं जे बरं व्हायचं ते निघून जायचं, आणि जे होणार नसायचं ते आमच्याकडे कायमचं मुक्कामाला. पंख मोडलेली घार न्हाणीच्या भिंतीवर बसायची. एका डोळ्यानं आंधळं मुंगूस यांच्या जुन्या गमबुटात झोपायचं. हौदाजवळ एक कासव होतं, त्याच्या पाठीवरून बैलगाडीचं चाक गेलेलं. आणि माळ्यावर घुबड. माझ्या सासऱ्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा देवांबरोबर शकुन-अपशकुनही घराबाहेर काढले होते, म्हणून घुबडाला आमच्यात कुणी नावं ठेवली नाहीत. त्याच्या घाणीला मात्र मी रोज ठेवायची.

आम्हाला मूलबाळ नव्हतं. एका हिवाळ्यात बारामतीच्या एका संस्थेतल्या बाई दोन भावंडांना घेऊन आमच्याकडे आल्या. थोरली सहा वर्षांची, धाकटा अडीचचा. वडील वारलेले. आई वडगाव निंबाळकरला रोजानं कामाला जायची. तिला टीबी झाला म्हणून पुण्याकडे दवाखान्यात ठेवलं होतं. ती बरी होईपर्यंत मुलांना सांभाळायचं असं ठरलं. मुलांबरोबर एक वाकळ होती, आईनं शिवलेली, बाकी काही नाही.

"आय कवा येनार?" थोरलीनं विचारलं.

"बरी झाली की येईल हं," असं म्हणून बाई एसटी गाठायला निघाल्या. थोरली त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. त्या दिवसापासून त्या पोरीचं सगळं लक्ष फाटकाकडे. जेवायलासुद्धा ती फाटक दिसेल अशीच बसायची.

तरी पहिले पंधरा-वीस दिवस बरे गेले. धाकटा मुंगसाच्या मागं घरभर दुडदुडायचा. थोरली कासवाला मेथीचा पाला घालायची आणि माझ्या हातून वेणी घालून घ्यायची. मला वाटलं, चला, रुळली.

मग एकाएकी बिनसलं. थोरली माझ्या हाताला वेणी देईना. साबण दिसला की पळून जायची. मी दिलेला फ्रॉक काढून तिनं येताना अंगावर होता तोच फाटका परकर चढवला. मी धाकट्याला उचललं की ती येऊन त्याला माझ्या कडेवरून ओढून न्यायची. आणि दोघं त्या वाकळेत इतकी गुंडाळून झोपायची की आत कोण कुठं आहे तेही समजू नये. शेजारणी येऊन बघून जायच्या. एक म्हणाली, "परकं रक्त ते. लळा लागत न्हाय." मी तिला चहा न देताच वाटेला लावलं. पण मनातून मलाही तेच लागलं होतं. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं, असं म्हणत मी भांडी आपटायची.

माझा राग आधीच नाकावर. एका रविवारी धाकट्याच्या डोक्यात उवा बघितल्या आणि मी त्याला धरून न्हाणीत नेला. खसाखसा साबण लावला. थोरली दारात उभी राहून ओरडत होती, तिकडे मी लक्षच दिलं नाही. न्हाऊ घालून त्याला बाहेर काढला, तर या पोरीनं त्याला हाताला धरून अंगणात नेलं आणि त्याच्या ओल्या अंगावर मुठी भरभरून माती चोळायला लागली.

"अगं ए, याड लागलंय का तुला?" मी धावले.

"त्याला तुमचा वास लागतुया!" ती रडत ओरडली. "मंग आय घेनार न्हाय त्याला!"

मी तिथंच अंगणात बसले. कुणी सांगितलं तुला असं, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "काकांनी."

ते खरंच होतं. ऊसतोडीची माणसं रानमांजराची पिलं उचलून आणायची, त्यांच्यावर हे दर वेळी खेकसायचे, "हात लावू नका रं! मानसाचा वास लागला की आय घेत न्हाय पिलाला." थोरलीनं ते दारात उभं राहून ऐकलं होतं. मग तिनं घारीकडे बोट केलं, गमबुटाकडे केलं, हौदाकडे केलं. "ही समदी न्हाय घेतलेलीच हायती," ती म्हणाली.

इतके दिवस ती पोर आमच्या घराकडे अशी बघत होती. आयांनी नाकारलेल्यांचं घर. आणि मी तिच्या भावाला रोज माझ्या छातीशी धरत होते. मला रडू आवरेना.

हे घरी आल्यावर मी यांना चांगलंच फैलावर घेतलं. हे कान खाजवत म्हणाले, "अगं, ती थाप हाय. लोकांनी पिलं उचलू नयेत म्हणून मारतो. वासाचं काय न्हाय, आय घेती." थोरलीला जवळ बसवून यांनी तेच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "काका आता खोटं बोलत्यात."

एकदा थाप मारली की खरं सांगायला तोंड राहत नाही, ते असं.

पुढच्याच आठवड्यात एका फडातून टोपलीत रानमांजराची दोन पिलं आली. ऊसतोडीच्या तळावरच्या झाडून सगळ्या पोरांनी ती हाताळलेली, एकाच्या अंगाला तर विडीचा वास येत होता. यांचा शिरस्ता असा की संध्याकाळी टोपली जिथल्या तिथं नेऊन ठेवायची आणि लांब थांबायचं. आई जवळपासच असते. "चल," हे थोरलीला म्हणाले, "तूच बघ."

मी यांना बाजूला घेतलं. "आणि नाही आली तर?"

"येती बहुतेक."

त्या 'बहुतेक'वर मी तिला जाऊ देणार नव्हते. पण पोरगी चपला घालून तयार होती. निघताना तिनं एक केलं. माझा पदर ओढला आणि दोन्ही पिलांना तो नाकापासून शेपटीपर्यंत नीट चोळला. परीक्षा घ्यायची तर पुरती.

तुटलेल्या फडाच्या कडेला टोपली आडवी करून ठेवली आणि आम्ही लांब बांधाआड बसलो. धाकटा माझ्या मांडीवर. पिलं म्याव म्याव करत होती. ऊन उतरलं, कारखान्याचा भोंगा झाला, तरी काही हलेना. थोरली टोपलीवरची नजर काढत नव्हती. मी आयुष्यात कधी कुठल्या मांजराची एवढी वाट बघितली नसेल.

मग शेजारच्या उभ्या उसातून ती आली. थांबली, टोपलीभोवती एक फेरी मारली. आत तोंड घातलं, बराच वेळ हुंगलं. मग एका पिलाला मानेला धरून उचललं आणि उसात गेली.

मी सुस्कारा सोडला. थोरलीनं सोडला नाही. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "धाकल्याला बी न्हेईल?"

टोपलीतलं दुसरं पिलू एकटंच ओरडत होतं. मांजर परत आली, ते पिलूही उचललं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली साबणाची वडी घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. "शिकेकाई बी लावा," म्हणाली. त्यानंतर दोघंही माझ्याजवळ झोपायला लागली. वाकळ आम्हा तिघांना पुरायची नाही, माझे पाय उघडेच राहायचे. मी इतकी सुखात कधीच झोपले नाही.

आई पावसाळ्यात आली, त्याच संस्थेच्या बाईंबरोबर. फाटक वाजल्याबरोबर थोरली "आय!" म्हणून पळत सुटली आणि मध्येच थबकली. आई फाटकातच उभी होती, अंग काटकुळं झालेलं, नाकातोंडाला पदर घट्ट लावलेला. ती पुढं येईना.

थोरलीनं तो पदर बघितला. माझ्याकडं बघितलं. मग मागं फिरली, धाकट्याचं बखोट धरलं, त्याला हौदापाशी नेलं आणि त्याच्या डोक्यावर तांब्यामागून तांब्या पाणी ओतायला लागली. मग स्वतःच्या. त्याचं अंग ती नखांनी घासत होती.

आईला काही कळेना. "असं काय करतीया?" ती पदराआडूनच म्हणाली. बाई सांगायला लागल्या, "आता जवळ घ्यायला हरकत नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, पण तोंड झाकायची हिची सवय जात नाही..."

"अगं, आधी तो पदर खाली घे!" मी ओरडलेच. "तिला वाटतंय, तुला त्यांचा वास सहन होत नाही!"

तिचा हात गळून खाली आला. ती हौदापाशी आली, चिखलातच बसली, आणि दोघांना एकदम ओढून थोरलीच्या ओल्या केसांत नाक खुपसलं. मग धाकट्याच्या. पुन्हा थोरलीच्या. किती तरी वेळ ती नुसती हुंगतच होती.

आईच्या खांद्यावरून थोरलीनं मला शोधलं. "मावशी," ती म्हणाली, "घेतलं."

दुपारच्या एसटीनं ती तिघं गेली. वाकळ मी घडी घालून बरोबर दिली. त्यांच्या उशीचा अभ्रा मात्र कितीतरी दिवस मी धुतला नाही. अंथरूण घालताना यांनी एकदा विचारलं, तर म्हटलं, साबण संपलाय.