बाबेलचा पाडाव आणि माझी धाकटी जाऊ

मेहकरला आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांची दर शुक्रवारी कुणा ना कुणाच्या घरी प्रार्थनासभा असते. आधी गाणी, मग संदेश, शेवटी प्रार्थना आणि चहा-चिवडा. संदेश इतकी वर्षं मीच देत आले. त्यातही बायबलातल्या बाबेल नगरीचा पाडाव म्हणजे माझा हातखंडा. रथ धावतील एवढे रुंद तट, सोन्याचे पेले, गर्वाने फुगलेला राजा आणि शेवटी सगळं मातीला मिळालेलं. मी सांगायला लागले की बायका चुळबूळ करायच्या थांबत.

गेल्या महिन्यात सभा माझ्याच घरी होती आणि बायकांनी परस्पर ठरवलं की या खेपेला धाकटीने बोलावं. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ, माहेर सोनाळ्याचं. ताईंना जरा आराम, असं कारण दिलं. मला कुठे आराम हवा होता? बरं, विषय काय घेतेस म्हणून विचारलं, तर म्हणते, "बाबेलच हाय, ताई." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिने तट सांगितले नाहीत, पेले सांगितले नाहीत. मांडी घालून बसली आणि म्हणाली, "घरावर नवा स्लॅब पडला का पाव्हण्याले आदी गच्चीवर नेतो का नाई आपुन? तसाच तो राजा. गच्चीवर फिरून राह्यला अन् म्हनते, हे सारं म्या बांधलं. देवाचं नावच नाई तोंडात."

बायका खळखळून हसल्या. मागच्या वर्षी आमचा स्लॅब पडला तेव्हा मी यातल्या प्रत्येकीला गच्चीवर नेलं होतं. जावेने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुद्दाम टोमणा मारला असता तर मला परवडलं असतं. पुढे देवाने त्याचा गर्व उतरवला आणि तो राजा रानात बैलासारखा गवत खाऊ लागला, तिथे दोघी-तिघींनी डोळे पुसले. माझ्या संदेशाला आजवर कुणी रडलं नव्हतं.

शेवटची प्रार्थना मात्र माझ्याकडे आली. आमच्यात संदेश देणारीसाठी त्यात आवर्जून मागायचं असतं. मी डोळे मिटले आणि मनातलं सगळं प्रभूच्या नावाने बाहेर काढलं. "प्रभू, या बहिणीची जीभ गोड आहे. तिला गर्वापासून वाचव."

"आमेन," बायका म्हणाल्या.

"लोकांनी वाहवा केली की माणूस चढतं. तिला वेळीच खाली आण."

"आमेन!"

डोळे उघडले तर जाऊ माझे हात धरून रडत होती. "ताई, हेच मांगायचं होतं माह्यासाठी. सारे हसले तवा मले लई मजा वाटली, अन् मंग भेवच वाटलं. तुमी बराबर ओळखलं."

बोलण्यात ती पुढे गेलीच होती, आता नम्रतेतही गेली. मी जळून खाक झाले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

देऊळघाटहून येणारी एक म्हातारी बाई आमच्याकडे पाहत होती. ती म्हणाली, "आता असंच चालू द्या. संदेश दर खेपेले धाकलीचा, अन् तिच्यासाठी प्रार्थना मोठीची."

सगळ्या एकदम आमेन म्हणाल्या. सगळ्यांत मोठ्याने माझी जाऊ.